जुन्या ट्रकचे बोल्ट : ओळख, निवड आणि बदल

जुन्या ट्रकसाठी बदली बोल्ट शोधताना चार गोष्टी जुळवाव्या लागतात : व्यास, आट्यांची जात, पकडीची लांबी आणि पोलादाची ताकद. दुकानाच्या काउंटरवर यांतली पहिलीच गोष्ट विचारली जाते. उरलेल्या तीन गृहीत धरल्या जातात आणि पुढचे बहुतेक बिघाड या गृहीत धरण्यातूनच होतात. बोल्ट आट्यात फिरला म्हणजे काम झाले, असा समज गॅरेजांत पक्का रुजलेला आहे. फिरणारा पण चुकीचा बोल्ट हा न बसणाऱ्या बोल्टपेक्षा वाईट, कारण न बसणारा निदान परत तरी केला जातो.

मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतील चेणे गावाच्या परिसरात हा प्रश्न रोजचा आहे. घोडबंदर रस्ता ठाण्यातील माजिवड्यापासून निघून वरसाव्यापाशी मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. चेणे या रस्त्याच्या पश्चिम टप्प्यात आहे : एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी. न्हावाशेवा बंदराकडून गुजरातला जाणारी अवजड वाहतूक या रस्त्याने जाते आणि गावाच्या ठाण्याकडील बाजूला गायमुखचा घाट आहे. लांब पल्ल्याची वाहने त्यातल्या त्यात नवी असतात. वयस्क ट्रक दिसतात ते जवळच्या फेऱ्यांवर : पाण्याचे टँकर, खडी-माती वाहणारे डंपर, बांधकामाचा राडारोडा उचलणाऱ्या गाड्या. कमी अंतर, जादा भार, सतत ब्रेक आणि खड्डे हे त्यांचे आयुष्य. त्यात खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. भाईंदरच्या मिठागरांतले मीठ ज्या गाड्यांनी वाहिले, त्यांच्या चासीवरचे बोल्ट तर पाना लावण्याआधीच डोके गमावून बसलेले असतात. गंजाने षटकोनाच्या कडा गोल झाल्या की छिन्नी किंवा गॅस कटर चालवावा लागतो. मग मापाला नमुनाच उरत नाही.

म्हणून शोधाची सुरुवात बोल्टपासून न करता ट्रकच्या घराण्यापासून करणे सोयीचे ठरते. टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार करून ट्रक बांधायला घेतले. हा करार १९६९ पर्यंत चालला आणि त्यानंतरच्या टाटा गाड्यांनीही तेच मेट्रिक वळण पुढे नेले. मद्रासची अशोक मोटर्स १९४८ मध्ये ऑस्टिन गाड्यांच्या जुळणीसाठी निघाली. १९५५ मध्ये ब्रिटनच्या लेलँडने तीत भांडवल घातले आणि ती अशोक लेलँड झाली. तिच्या जुन्या कॉमेटमध्ये इंची आटे भेटतात. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने डॉज आणि फार्गो ट्रक बांधले. ते अमेरिकी क्रायस्लरच्या परवान्याने होत असल्यामुळे त्यांचे आटेही अमेरिकी. हिंदुस्थान मोटर्सचे बेडफर्ड इंग्लिश वंशाचे. १९८० च्या दशकात डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी आणि ऑल्विन निसान हे हलके जपानी ट्रक आले. तेही मेट्रिक, पण त्यांची चाल, म्हणजे आट्यामागचे अंतर, वेगळी. एकाच एम १० बोल्टचा सर्वसाधारण जाड आटा १.५ मिलिमीटरचा असतो, तर जपानी गाड्यांत १.२५ चा सर्रास दिसतो. ‘गाडी मेट्रिक आहे’ एवढ्या माहितीवर बोल्ट मागू नये, ते यासाठी.

या घराण्यांमागे आट्यांचा जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंशांच्या कोनाचा आटा सुचवला. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा मांडला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या कारखान्यांना एकमेकांचे सुटे भाग वापरता येईनात. तो त्रास पाहून १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा युनिफाइड आटा मान्य केला. त्याचा जाड प्रकार यूएनसी, बारीक प्रकार यूएनएफ. मेट्रिक आट्याचा कोनही ६० अंशच, मात्र मापे मिलिमीटरमध्ये. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली आणि मेट्रिक आट्यांसाठी आयएस ४२१८ हे भारतीय मानक आले. कायदा बदलला म्हणून रस्त्यावरच्या गाड्या बदलत नाहीत. इंची साचे, इंची टॅप आणि इंची बोलणे पुढे कितीतरी वर्षे टिकले. मुंबईच्या हार्डवेअर बाजारात आजही माप सुतात सांगितले जाते. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून अर्ध्या इंचाचा बोल्ट चार सुती, तीन अष्टमांशाचा तीन सुती आणि सात सोळांशाचा साडेतीन सुती. बारा मिलिमीटरचा बोल्टही काही दुकानदार चार सुतीच म्हणतात, आणि तिथे ०.७ मिलिमीटरची गफलत होते.

बरे, एका ट्रकला एकच घराणे असते असेही नाही. अनेक डॉज-फार्गो गाड्यांत पर्किन्सचे पी ६ डिझेल इंजिन होते, म्हणजे अमेरिकी चासीवर इंग्लिश इंजिन. चासी कारखान्यातून येते, पण मागचा हौदा गावोगावचे बॉडीवाले बांधतात. त्यामुळे अस्सल मेट्रिक टाटावरही हौद्याचे बोल्ट इंची आणि साध्या लोखंडाचे सापडतात. शिवाय आधीच्या मिस्त्रींनी काय केले, हा वेगळाच अध्याय. आटे गेलेल्या भोकात मोठा टॅप मारून पुढचा बोल्ट बसवलेला असतो आणि त्याची नोंद कुठेच नसते. निघालेला बोल्ट मूळचा की मागाहून घातलेला, हे ठरवायला शेजारचे किंवा दुसऱ्या बाजूचे जोडीचे भोक पाहावे. चारांपैकी तीन बोल्ट एका जातीचे आणि एक निराळा असेल, तर मूळ कोणता ते सांगावे लागत नाही.

खरा घोटाळा होतो तो जवळजवळ जुळणाऱ्या मापांत. पाच सुती यूएनएफ बोल्टचा व्यास १५.८७५ मिलिमीटर आणि आट्यामागे अंतर १.४११ मिलिमीटर. एम १६ च्या बारीक आट्याचा व्यास १६ आणि अंतर १.५. पाच सुती बोल्टवर एम १६ चा नट लावला, तर पहिले दोन-तीन फेरे बोटांनी सहज जातात, कारण व्यासातला आठव्या हिश्शाचा मिलिमीटर नटाला थोडी सैल जागा देतो. पुढे प्रत्येक आट्यागणिक ०.०९ मिलिमीटरची तूट साचत जाते. नट जड होतो. इथे मिस्त्री म्हणतो, गंज असेल, आणि पान्याला पाइप लावतो. नट शेवटपर्यंत जातो खरा, पण जाताना आट्यांच्या कडा चिरडत जातो. तो घट्ट वाटतो तो आट्यांच्या कुचंबणेमुळे. जोडलेले भाग एकमेकांवर दाबले गेलेलेच नसतात. अशीच दुसरी जोडी अर्ध्या इंचाची : व्हिटवर्थच्या जाड आट्याचे इंचात १२ फेरे, यूएनसीचे १३. व्यास एकच, कोन वेगळा, फेरे वेगळे. उलट बाजूने, अडीच सुती म्हणजे ७.९४ मिलिमीटरचा बोल्ट एम ८ च्या भोकात घुसवणारे महाभागही भेटतात. याला एक साधा नियम पुरतो : स्वच्छ आणि तेल लावलेला नट बोटांनी पूर्ण लांबीवर फिरला पाहिजे. तो मध्येच अडला तर पाना उचलू नये.

मोजमापाला व्हर्नियर, पिच गेज आणि पोलादी पट्टी एवढी हत्यारे पुरतात. बाहेरचा व्यास नेहमी नाममात्र मापापेक्षा किंचित कमी भरतो. एम १२ चा बोल्ट ११.८ च्या आसपास मोजला जातो, म्हणून त्याला साडेअकरा किंवा पावणेबारा समजण्याचे कारण नाही. आटे मोजण्यासाठी गेजचे पाते उजेडासमोर धरून दात पूर्ण बसतात का ते पाहावे. गेज नसेल तर दहा आट्यांची लांबी मोजून दहाने भागावी, किंवा इंचात किती दात येतात ते मोजावे. माहीत असलेला टॅप बोल्टला आडवा टेकवून दातात दात बसतो का पाहणे ही जुनी युक्ती आजही चालते. डोक्याच्या मापावर मात्र विसंबू नये. एम १० चे डोके जुन्या जर्मन मानकात १७ चे आणि नव्या आंतरराष्ट्रीय मानकात १६ चे असते. अर्ध्या इंचाच्या युनिफाइड बोल्टला पाऊण इंचाचा पाना लागतो, तो १९.०५ मिलिमीटरचा, आणि एम १२ ला चालणारा १९ चा पाना त्यावर बिनबोभाट बसतो. व्हिटवर्थच्या पान्यावर तर डोक्याचे नव्हे, बोल्टचे माप कोरलेले असते.

चाकांच्या स्टडवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जुन्या इंग्लिश आणि क्रायस्लर वळणाच्या गाड्यांत डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. भारतात ही क्लीनरची बाजू. अशा स्टडच्या टोकावर बहुधा इंग्रजी एल अक्षर ठोकलेले असते, पण रंगाच्या आणि चिखलाच्या थरात ते दिसत नाही. नट सुटत नाही म्हणून नेहमीच्या दिशेने जोर लावत राहिले की तो आणखी आवळला जातो आणि शेवटी स्टड तुटतो.

लांबीबाबत डोक्याखालची एकूण लांबी पुरेशी नाही. आटे नसलेला साधा दांडा किती, हेही पाहावे लागते. प्रोपेलर शाफ्टच्या जोडात किंवा स्प्रिंग ब्रॅकेटमध्ये दोन पत्रे जिथे एकमेकांवर सरकू पाहतात, त्या पातळीवर बोल्टचा साधा दांडा यायला हवा. तिथे आटे आले तर बोल्टचा छेद कमी होतो आणि आट्यांच्या खाचांतून तडा सुरू होतो. दुकानात पूर्ण आट्यांचा बोल्ट सहज मिळतो, म्हणून तोच कापून बसवला जातो. हौद्याच्या फळीला तो चालेल, शाफ्टला नाही. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसावेत. बंद भोकात बोल्ट तळाला टेकत नाही ना, हे वायसरसकट मोजून पाहावे.

ताकदीची खूण डोक्यावर असते. मेट्रिक बोल्टवर ८.८, १०.९ किंवा १२.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की तुटण्याची ताकद मिळते, दर चौरस मिलिमीटरला न्यूटनमध्ये. दुसरा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० ला तुटतो आणि ६४० ला ताणतो. भारतात या अटी आयएस १३६७ मध्ये आहेत. अमेरिकी बोल्टवर आकड्यांऐवजी रेघा असतात : तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, साधारण ८.८ च्या तोडीचा. सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, साधारण १०.९ च्या तोडीचा. ज्या डोक्यावर काहीच नाही, तो बोल्ट साध्या लोखंडाचा समजावा, दुकानदार त्याला कितीही हायटेन्साइल म्हणो. कानस घासून कडकपणाचा अंदाज येतो, खात्री नाही. नटालाही ग्रेड असते. १०.९ च्या बोल्टवर १० ग्रेडचाच नट हवा, नाहीतर बोल्ट शाबूत राहून नटाचे आटे निघून येतात.

मग सगळीकडे १२.९ का नको? कडक पोलाद खाचेला आणि गंजाला जास्त हळवे असते. जस्ताचा विद्युत मुलामा चढवताना त्यात हायड्रोजन शिरला, तर आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट आपोआप तडकतो. खाडीकाठच्या हवेत हा धोका आणखी वाढतो. मूळ ग्रेड होती तीच किंवा फार तर एक पायरी वर, एवढ्यावर थांबणे शहाणपणाचे. स्टेनलेसचा मोह तर भाईंदरमध्ये विशेष, कारण स्टेनलेसची भांडी आणि पत्राकाम हा तिथला जुना धंदा आणि माल हाताशी. ए२-७० या नेहमीच्या स्टेनलेस बोल्टची तुटण्याची ताकद ७०० आणि ताणण्याची केवळ ४५०. गंजत नाही म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडात तो घालणे म्हणजे दिसायला चकचकीत आणि कामाला अर्धवट. नंबर प्लेट, मडगार्ड, दिव्यांचे कंस यांना स्टेनलेस खुशाल वापरावे, आटे चिकटून जाऊ नयेत म्हणून ग्रीस लावून.

एकच जोड बारकाईने पाहायचा तर पाट्यांचा पाहावा. अॅक्सल आणि पाटे यांना यू बोल्ट एकत्र बांधतात. पाट्यांच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. यू बोल्ट घट्ट असेपर्यंत सेंटर बोल्टवर जवळपास काहीच ताण येत नाही, कारण पाटे आणि अॅक्सल यांच्यातल्या दाबानेच सारा भार पेलला जातो. यू बोल्ट सैल झाले की घाटात ब्रेक मारताना अॅक्सल पुढेमागे सरकू पाहतो, सगळा धक्का सेंटर बोल्टवर येतो आणि तो कातरला जातो. मग ट्रक सरळ रस्त्यावरही तिरका चालतो. मालक नवा सेंटर बोल्ट आणतो, तोही महिन्याभरात जातो, आणि दोष बोल्टच्या कंपनीला दिला जातो. दोष असतो यू बोल्टात. काढलेले यू बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ते एकदा ताणलेले असतात आणि आट्यांत जुना गंज असतो. बाजारात सळई भट्टीत लाल करून वाकवलेले आणि डायने आटे कापलेले यू बोल्ट स्वस्त मिळतात. तापवल्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते, आणि कापलेल्या आट्याचा तळ लाटलेल्या आट्याइतका थकव्याला तोंड देत नाही. टँकरसारख्या सतत हेलकावणाऱ्या भाराखाली हा फरक लवकर दिसतो.

तुटलेला बोल्ट भंगारात टाकण्यापूर्वी त्याचे तोंड पाहावे. छेदावर शिंपल्यासारख्या वर्तुळाकार रेषा आणि शेवटी खडबडीत पट्टा असेल, तर तो थकून तुटला, म्हणजे बहुधा सैल राहिला होता. दांडा बारीक होऊन तुटला असेल तर जास्त आवळला गेला किंवा ग्रेड कमी होती. पहिल्या प्रकारात नुसती ग्रेड वाढवून काही साधत नाही.

खरेदीसाठी पहिला पर्याय कंपनीचा भाग क्रमांक. टाटा आणि लेलँडच्या जुन्या मॉडेलांचे कितीतरी बोल्ट नव्या मॉडेलांतही चालू असल्याने ते अजून मिळतात. दुसरा पर्याय मुंबईतील नागदेवी स्ट्रीट. बोल्ट, नट, टॅप, डाय यांचा हा जुना बाजार असून इंची आणि उलट्या आट्यांचा माल तिथे चौकशी केल्यास निघतो. तिथे जाताना निघालेला बोल्ट, त्याचा नट आणि पिच गेज तिन्ही बरोबर असावेत. देशातला बराच माल लुधियानातून येतो, आणि त्याच बाजारात चेन्नईच्या सुंदरम फास्नर्सचे टीव्हीएस छापाचे बोल्टही मिळतात. डोक्यावर कारखान्याची खूण आणि ग्रेड दोन्ही असलेला माल घ्यावा. कुर्ल्यातील भंगार बाजारात जुन्या गाड्यांचे अस्सल बोल्ट मिळतात, पण स्टिअरिंग, ब्रेक आणि पाट्यांसाठी वापरलेला बोल्ट घेऊ नये. काहीच न मिळाल्यास लेथवर करून घ्यावा लागतो. तसे करताना साधी सळई न वापरता ईएन १९ किंवा ईएन २४ जातीचे पोलाद घेऊन त्याला उष्णतेची प्रक्रिया करून घ्यावी, आणि स्टिअरिंगच्या जोडांसाठी हा मार्ग टाळावा.

भोकाचे आटेच गेले असतील तर मोठ्या मापाचा टॅप मारण्याआधी एक हिशेब करावा. नव्या आट्यासाठी पाडायचे भोक जुन्या बोल्टच्या बाहेरच्या व्यासापेक्षा मोठे असेल, तरच जुन्या आट्यांचा माग पूर्ण पुसला जातो. तीन सुती बोल्टचा व्यास ९.५ मिलिमीटर, एम १२ साठी १०.२ चे ड्रिल लागते, तेव्हा हे जमते. साडेतीन सुतीचा व्यास ११.१, म्हणून तिथे एम १२ चालत नाही. जुन्या खाचा नव्या आट्यांना छेदत राहतात. तिथे एम १४ घ्यावा, त्याचे ड्रिल १२ चे. चार सुतीला एम १६, त्याचे ड्रिल १४ चे. भोकाभोवती ओतीवाचे मांस तेवढे नसेल तर तारेच्या गुंडाळीचे इन्सर्ट बसवून मूळ माप कायम ठेवणे उत्तम. अॅल्युमिनियमच्या भागांत तर तेच पहिले करावे. बदललेल्या भोकाशेजारी रंगाचा ठिपका आणि नव्या मापाचा ठोका असला की पुढच्या मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो.

आवळणे हाही निवडीचाच भाग आहे. पान्यावर लावलेल्या जोरापैकी सुमारे दशांशच बोल्ट ताणण्याच्या कामी येतो, बाकी सारा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो. त्यामुळे गंजलेल्या आट्यावर आणि तेल लावलेल्या आट्यावर एकाच जोराचा परिणाम पार वेगळा होतो. ८.८ च्या एम १२ ला साधारण ८० न्यूटन मीटर पुरतात, तर १०.९ च्या त्याच मापाला सुमारे १२०. जुन्या गाडीची पुस्तिका असेल तर तिच्यातला आकडा आधी. यू बोल्ट चौकटीच्या कोपऱ्यांप्रमाणे आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. चाकांचे आणि पाट्यांचे नवे बोल्ट भरल्या गाडीने थोडे अंतर चालल्यावर पुन्हा तपासावेत, कारण रंग, गंज आणि पाट्यांमधली माती दबून गेल्यावर सुरुवातीचा ताण उतरतो. चेण्यात पाटे बांधलेल्या गाडीला गायमुखचा चढ-उतार पहिल्याच फेरीत लागतो, म्हणून ही तपासणी त्या फेरीनंतर लगेच करावी आणि पुढची पहिल्या आठवड्याच्या आत.